निरंक तळ्याची निरवानिरव

मी, निम्नस्वाक्षरीकार, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसायाने विमा कार्यालयातील लेखनिक, व्यसनाने चतुर व टाचण्या या पाणवठ्यावरील कीटकांचा स्वयंसेवी गणक, बुद्धीने शाबूत असताना (ही बाब पत्नीस विचारूनच नमूद केली, ती "लिहा, लिहा" एवढेच म्हणाली) ही निरवानिरव करीत आहे. मी सांगतो, ती टंकित करते. आमच्या घरी सर्वच नोंदींची ही रीत आहे.

कलम एक. राहते घर, बँकेतील ठेव आणि खिडकीजवळची खुर्ची पत्नीस. कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर तिचे तळ्यावर येणे थांबले. तेव्हापासून दर रविवारी तळे त्या खुर्चीपर्यंत आणून पोहोचविणे हे माझे विहित कर्तव्य ठरले.

कलम दोन. गमबूट मेव्हण्यास. "दाजी, माश्या मोजून कुणाचं भलं झालंय?" असे त्याने मला चारचौघांत विचारले होते. बुटांपैकी एक गळतो. कोणता, याचे संशोधन त्याने स्वतः पाण्यात उतरून करावे.

कलम तीन. दुर्बीण गणना-प्रकल्पाच्या समन्वयक बाईंस. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी मिटून, हा भेद त्यांनीच शिकविला. आमच्या संसारात पसरून बसणारा मी आणि मिटून बसणारी, परंतु टोचणारी, पत्नी, हे वर्गीकरण मात्र माझे स्वतंत्र कार्य. (येथे टंकलेखिका हसली.)

कलम चार. काल टपालाने आलेले "आदर्श निरीक्षक" हे सन्मानपत्र प्रकल्पास परत करावे.

"परत? ते का?" टंकलेखिकेने विचारले. तेव्हा पुढील मजकूर सांगणे भाग पडले.

गेली तीन वर्षे तळ्यावर एकही चतुर नाही, टाचणी नाही. वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याचे पाणी त्यात उतरते. पहिल्या रित्या रविवारी मी परतलो, तेव्हा पत्नी मोबाइल उघडून खुर्चीत वाट पाहत होती. "सांगा, आज किती?" तिचा चेहरा पाहून माझ्या मुखातून "गुलाबी चतुर, पाच" असे निघून गेले. मी तिच्यासाठी बोललो. तिने ते प्रकल्पासाठी भरले. पुढच्या रविवारी पाचांचे सहा झाले. खोट्याची पैदास दूषित पाण्यातही उत्तम होते.

काल समन्वयक बाईंचा फोन आला. "सर, तुमच्या आकड्यांची फार मदत झाली. तुमचं तळं ठणठणीत आहे, म्हणून सफाईच्या यादीतून काढलंय. यादी सोमवारी कायम होईल." चतुर मोजणारा मनुष्य चतुर असतोच असे नाही. हा तर निर्लज्जही निघाला. त्याने "आभारी आहे" म्हटले.

येथे टंकलेखन थांबले. येथून पुढचे मी एका बोटाने लिहीत आहे. ऱ्हस्वदीर्घाची जबाबदारी माझी.

"म्हणजे तीन वर्षं मी काय भरत होते?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"अहो, माझी कंबर गेलीय, डोकं नाही! 'आज काही नव्हतं' एवढं ऐकून मी काय फुटले असते? आणि आता मेल्यावर वाचायच्या कागदात सांगताय? समोर बसलेय ना मी!"

मी सन्मानपत्र पाकिटात परत घातले.

"टॅक्सी बोलवा," ती म्हणाली. "आज मी मोजणार."

कलम पाच. माझ्या नावावरील तीन वर्षांचे समस्त चतुर व टाचण्या मी याद्वारे रद्द करतो. त्यांना वारस नाही. हे कलम समन्वयक बाईंस माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच कळविले आहे. कारण पत्नीच्या मते मरेपर्यंत थांबणे ही पळवाट होय, आणि मरण्यातही मी चालढकल करीन.

ठिकाण: तळ्याचा काठ.
दिनांक: यादी कायम होण्याआधीचा रविवार.

साक्षीदार:
१. टॅक्सीचालक, ज्याने पत्नीस धरून काठापर्यंत आणले.
२. कारखान्याचा पहारेकरी, ज्याने "काय बघताय? काही नाही इथे" असे तोंडी प्रमाणित केले.

सही: निम्नस्वाक्षरीकार, मान खाली घालून.

ता. क. पत्नी लाभार्थी असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत बसली. मग तिने स्वतः भरले: चतुर, निरंक. टाचण्या, निरंक. निरीक्षकाच्या रकान्यातले माझे नाव खोडून तिने आपले घातले. मला तिने "सोबत" या रकान्यात ठेवले आहे.