माती टाकण्याआधी वाचावे

मी, येरेमिया सेबुलिबा, वय ७८, नाकतोडा कुळाचा, राहणार मसाकाजवळ, पूर्वी एका वर्तमानपत्राचा संपादक, हे स्वखुशीने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. नसतं तर स्वतःची एवढी किळस आली नसती.

१. आपल्याकडे मृत्युपत्र खड्ड्याच्या काठावर सगळ्यांसमोर वाचतात. माझं भाषणांच्या आधी वाचावं. मंत्रीसाहेब भाषण ठोकून लगेच मोटारीत बसतात, मला ठाऊक आहे. त्यांनीच मला चार वर्षं आत टाकलं होतं. माझ्यावरच्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला ते शेजारी बसले आणि पाठ थोपटत म्हणाले, "सेबो, काय धीराचा माणूस हो तुम्ही!" शी! आणि मी हसलो.

२. सिनेमा माझ्या मुलाने, जोवानने काढला. त्यात मी मार खातो, पण तोंड उघडत नाही. आम्हाला सरकारी कागदपत्रं चोरून पुरवणाऱ्या कियिंबा कारकुनाचं नाव आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारी नालुमांसी सांगते. धादांत खोटं. नाव मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी, नुसती पक्कड दाखवली तेव्हा. कियिंबा परत आला नाही. सुटल्यावर मी खापर नालुमांसीवर फोडलं, आधी बायकोपाशी, मग पोरापाशी. जोवान, लबाड मी आहे. पण तिला एकदा तरी विचारायचं होतंस.

३. चारही वर्षं दर शनिवारी नालुमांसी केळीच्या पानात मटोके, उकडलेली कच्ची केळी, बांधून तुरुंगाच्या फाटकावर यायची. सिनेमा आल्यापासून बाजारात तिची केळी कुणी विकत घेत नाही, चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नाही. ती घरी आली होती.

"येरेमिया, मी कधी रे नाव सांगितलं?"

"अगं, सिनेमाच तो. मनावर काय घेतेस?"

ती उठून गेली. मी चहा पीत बसलो. थू माझ्या जिनगानीवर!

४. घर आणि केळीची बाग नालुमांसीला. छापखान्याचे खिळे जोवानला. सिनेमा पुन्हा दाखवशील तेव्हा वरचं कलम दोन आधी दाखव. मंत्रीसाहेबांना काही नाही. त्यांचा झेंडा माझ्यावर घालू नये, आपल्या रीतीचं झाडाच्या सालीचं कापड पुरे.

५. पहिली मूठ माती नालुमांसीची. तिने टाकली नाही, तर कुणी आग्रह करू नये.

मसाका, १२ मार्च २०१९
येरेमिया सेबुलिबा (सही)

साक्षीदार:
लाझारो म्पांगा, चर्चमधले वाचक (सही)
इमाकुलाता नाब्बोसा, कियिंबाची बहीण (सही). सगळं वाचलं. सही केली. माफ केलेलं नाही.