चार पंगती, चार रंग

२२ एप्रिल १९६७
टेबल-खुर्ची पाहिजे म्हणे! मीनाच्या होणाऱ्या सासरहून, नागपूरहून, पत्र आलं — आमची मंडळी पाटावर बसत नाहीत, टेबलाची व्यवस्था करावी. मामंजींनी पत्र दोनदा वाचलं आन् चष्माच पुसत बसले. साऱ्या बालाघाटात दीडशे माणसांचे टेबल कोणाकडे असतील? शेवटी आमच्या ह्यांनी तोड काढली — शाळेचे बाक मागू, सुट्ट्याच आहेत.

मीना माझी एकुलती एक नणंद. तिच्या लग्नात कोणी नाक मुरडलेलं मले चालणार नाही. बस!

२३ एप्रिल
बाक पाहून आली. बारा मिळतील. अन् काय ते रूप! शाईचे डाग, पोरांनी खिळ्यानं कोरलेली नावं, एकावर तर मास्तरचं चित्र — मिशीसकट. मी म्हटलं, वरून चादरी टाकू, मी रंगवतो. माझ्या माहेरी, रामपायलीले, माय पळसाच्या फुलात लुगडे रंगवायची, मले सगळं येते. हे हसले, "कर बापा!"

माई, माझ्या सासूबाई, आपल्या चुलीकडे वळल्या. सहा वर्षं झाली मले या घरात येऊन. कोर्टात लग्न केलं, त्यात मी दुसऱ्या जातीची — सासूबाई अजून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांची चूल वेगळी, भात वेगळा. वाईट वागत नाहीत हो! रोज विचारतात, "जेवलीस का?" पण माझ्या हातचं एक शीत कधी तोंडात घातलं नाही. मले फार लागते ते. कोणाले सांगू? म्हणून इथं लिहून राह्यली.

२९ एप्रिल
बारा चादरी हळदीत पिवळ्याधम्मक केल्या! कोपऱ्याले दोऱ्यानं गाठी मारल्या, त्या सोडल्या तर पांढरे फुलं उमटले. अंगणात वाळत टाकल्या तशी शेजारची सीताबाई धावत आली. "बाप्पा! हे तं साडी म्हणून नेसावं."

मी फुगली. तेवढ्यात माई दारातून म्हणाल्या, "पहिली पंगत उठली की ते कापड खरकटं. दुसरी पंगत त्यावर बसायची नाही."

झालं! खरं तर त्यांचं बरोबरच आहे. जमीन पुसून घेता येते, कापड कसं पुसणार? आन् बारा बाकांवर दीडशे माणसं म्हणजे पंगती चार!

३० एप्रिल
आणखी छत्तीस बाकांचं कापड कुठून आणू? देवा रे!

२ मे
सुचलं!! धोतरं! एका धोतरात दोन बाक आरामात झाकतात. सीताबाई अन् मी दारोदार फिरलो. कोणी हसलं, कोणी "धोतर काहून पाहिजे बाई?" म्हणून दोनदा विचारलं. पण अठरा जमली. पुनाराम धोब्यानं सारी भट्टीत उकळून दिली. आता ठरवलं — रंगवायचंच आहे तर प्रत्येक पंगतीले वेगळा रंग!

६ मे
दुसऱ्या पंगतीले पळसाचा केशरी. तिसरीले पानातल्या काथाचा विटकरी. चौथीले हळदीतच चुना टाकला — असा लाल झाला की हे म्हणाले, "जादू करतेस काय?" हा रंग टिकत नाही, पण एक पंगत निघेल. माझे हात कोपरापर्यंत केशरी. मीना हसते, "वहिनी, नवरी कोण आहे नेमकं?"

१३ मे
लग्न लागलं. सगळं लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

पहिली पंगत पिवळी — लोक कापडावर हात फिरवून पाहत होते. दुसरी केशरी. व्याह्यांनी आग्रह करून मामंजींले शेजारी बसवलं. पहिला घास घेतला असेल-नसेल, मामंजींचं लक्ष कोपऱ्यात गेलं. धोब्यानं बिब्ब्याच्या शाईनं घातलेली आमच्या घरची खूण! अन् मामंजी मोठ्यांदा, "अरे, हे तर माझं धोतर!"

त्या पुनारामानं गठ्ठ्यात आमच्याच घरचं मिसळलं होतं. मले पत्ता नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे नेसलेल्या धोतरावर जेवायला बसवलं आम्हाला?" व्याह्यांचा हात ताटातच थांबला. हे लोक रुसून उठले तर मीनाले पहिल्याच दिवशी सासरी टोमणे सुरू! आन् कारण मी!

माई जिलब्या वाढत होत्या. ताट खाली ठेवलं. "विहीणबाई, बाजारचं कापड कोणीही अंथरेल. आम्ही आमच्या अंगावरचं अंथरलं तुमच्यासाठी. भट्टीत उकळलेलं आहे. अन् माझ्या सुनेनं रंगवलंय. तिच्या हातचं सगळं स्वच्छ असतं."

माझ्या सुनेनं! मी खांबाले धरून उभी.

व्याही एकदम खो-खो हसले. "मग माझंही धोतर घ्या, तिसऱ्या पंगतीले!" सारी पंगत हसली. विहीणबाईसुद्धा पदराआड हसल्या. पुढे तर जेवून उठलेले लोक हलेनात — आता कोणता रंग येते ते पाहू म्हणे!

पण संध्याकाळी माईंनी आपल्याच चुलीवर आपला भात टाकला. मी ताट वाढू का म्हणून विचारलं, तर "नको गं" म्हणाल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडली. मग तोंड धुतलं अन् पाहुण्यांच्या गाद्या घातल्या.

१४ मे
मीना गेली. घर खायले उठते.

१५ मे
सारी धोतरं विहिरीवर धुतली. चौथ्या पंगतीची गुलाबी होऊन राह्यली. मामंजींनी आपलं केशरी धोतर परत घेतलं नाही — "राहू दे, पुढच्या लग्नाले लागेल."

१६ मे
दुपारी अंगणात कापडं घड्या करत होती. स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला, चांगला चिडका — "अगं, तुझ्या वरणात मीठ कमी आहे!"

मी मिठाची बरणी घेऊन पळाली.