थोरल्याचा हक्क

ल्यूस्ताद, टेलेमार्क
४ मार्च १८८९

ती. ऐविंददादास,
गुन्वोरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वकिलीची कीर्ती आपल्या चर्चच्या आवारापर्यंत पोचली. मिनेसोटात मातीच्या घरात राहून माळ नांगरणारा आपला मुलगा आता कोर्टात उभा राहतो, हे बाबा वाटसरूंनाही थांबवून सांगतात. पाद्रीबुवा परवा म्हणाले, धर्मातली दोन उत्तरं पाठ नसायची त्याला, आता न्यायाधीशाला गप्प करतो होय!

पत्र लिहायचं कारण असं, की हाल्वोरनं मला मागणी घातली आहे. चौतिसाव्या वर्षी घातली म्हणून हसू नकोस. अडलंय ते शेतावर. तू गेल्यापासून ते मीच कसते, पण वंशाच्या हक्कानं ते थोरल्याचं, म्हणजे तुझं. माझ्या नावावर करायचं काढलं की बाबा म्हणतात, थोरला येईल. हाल्वोर म्हणतो, "उद्या तुझा भाऊ बोटीतून उतरला, तर आपण बोचकं उचलून चालू लागायचं?" त्याचं तरी काय चुकलं? दादा, येणार असशील तर ये. नसशील तर हक्क सोडल्याचं लिहून दे. मला आता थांबवत नाही.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
गुन्वोर


पाइन क्रीक, मिनेसोटा
२० मे १८८९

चि. गुन्वोर हिस,
अनेक आशीर्वाद.

हाल्वोर म्हणजे मेंढ्याला घाबरून झाडावर चढायचा तोच ना? माणूस चांगला आहे, सोडू नकोस.

सोबत कागद आहे. न वाचता सही करून मी इथली पहिली जमीन घालवली आणि त्या रागापायी कायदा शिकलो. आता इथल्या आपल्या माणसांना उठताबसता बजावतो, काही झालं तरी जमीन सोडू नका. स्वतःची सोडताना मात्र चार ओळी लिहायला अख्खा रविवार गेला. फार रडलो.

यायचं मनात नव्हतं असं समजू नकोस. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. पण माझी मारित आणि आमची लहानगी इथल्या टेकडीवर पुरली आहेत. त्यांना टाकून येववत नाही. बाबांना सांग, हा नुसता कायद्याचा कागद आहे, मुलगा तुमचाच आहे.

सुखानं संसार कर.
ऐविंद


ल्यूस्ताद
९ जुलै १८८९

ती. दादास,
सा. न.

कागद मीच बाबांना वाचून दाखवला. तुझा निरोपही जसाच्या तसा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, जेवले, शेत माझ्या नावावर करून सहीसुद्धा केली. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माडीवर गेले. तुझ्या पलंगातला पेंढा त्यांनी मला कधी बदलू दिला नव्हता. तो सगळा कवेत घेऊन खाली आणला आणि बांधावर नेऊन पेटवला. घरातलं माणूस गेलं की आपण त्याच्या अंथरुणाचा पेंढा पेटवतो, तसाच, साऱ्या खोऱ्याला धूर दिसेल असा. धूर पाहून हाल्वोरची आई धापा टाकत वर आली. कोण गेलं म्हणून विचारू लागली. बाबांनी टोपी काढली.

"आमचा थोरला," म्हणाले.

मग लोक येतच राहिले. शेजारणी रीतीप्रमाणे लापशी घेऊन आल्या. मला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि माझं काळीज फाटत होतं. मी सगळ्यांना बसवलं, वाढलं. बाबा समोरच बसले होते, दादा. तू जिवंत आहेस, हे मी कोणालाच सांगितलं नाही.

माझ्यावरची माया काढून घेऊ नकोस.
गुन्वोर