कोटाच्या पाठीवर मामा

तीर्थरूप मामा यांस भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला घरात जमीन उरलेली नाही, जिकडेतिकडे एक्स-रे पसरलेत. तेव्हा उभ्या उभ्याच घातला असं समज.) तब्येत कशी आहे म्हणून विचारलं की तू "ठणठणीत" म्हणतोस आणि लगेच खोकायला लागतोस, म्हणून या वेळी विचारतच नाही. मामीची खुशाली मला ठाऊक आहे. माझं म्हणशील तर बोटाबोटाला पट्ट्या आहेत, बाकी मजेत.

पत्रास कारण की माझ्या एक्स-रेच्या कोटाचा कार्यक्रम, म्हणजे फॅशन शो, एकदाचा पार पडला. जुने एक्स-रे मागायला तुझ्याकडे आले होते तेव्हा मामीला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण मामा, कापडाचे कपडे कोणीही शिवतं. आणि आपल्या घरात कपाटांवर, गाद्यांखाली, फ्रिजच्या मागे जेवढे एक्स-रे निघाले तेवढं कापड कधी निघालं नव्हतं. हाड जुळून जमाना झाला तरी पाकीट जिवापाड जपलेलं. आईने दातांचे छोटे छोटे एक्स-रे दिले, त्यांची मी बटणं केली. (देताना विचारलंच, "एखादा नेसता-घालता येईल असा कपडा शिवशील का गं कधी?" मी ऐकलंच नाही.) मोठ्या मावशीने कंबर दिली, तू छाती दिलीस. तुझा एक्स-रे सगळ्यांत देखणा निघाला. ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही, पाकिटाच्या पिनासुद्धा जशाच्या तशा. मला वाटलं, मामा किती टापटिपीचा.

माल मात्र महा आडमुठा. मशीनखाली घातला की सुई मोडते, सुई वाचली तर फिल्म फाटते, आणि दोन्ही वाचलं तर समजावं की आपलं बोट मधे आलंय. शेवटी चांभाराकडून भोकं पाडायचं हत्यार आणलं आणि सगळा कोट दोरीने ओवला. आतून दिव्यांची माळ बसवली, बटण दाबलं की हाडं उजळतात. असा झकास झाला की मीच तोंडात बोट घातलं (पट्टीसकट). अडचणी दोनच. तो घालून बसता येत नाही, आणि चालताना कोणी पत्र्यावर नाचतंय असा आवाज होतो. जिच्या अंगावर तो चढवला ती बिचारी मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिला एक शिंक आली तर शेजारच्या खोलीतली माणसं काय पडलं म्हणून बघायला आली.

खरा घोळ झाला तो रंगीत तालमीला. आई आणि मोठी मावशी हजर. मावशीने कोटाभोवती एक फेरी मारली आणि अगदी पडल्या आवाजात म्हणाली, "माझी कंबर मागे का?" म्हटलं, मावशी, कंबर मागेच असते. "मग हिचे दात बरे पुढे." मामा, लग्नकार्यात झाले नसतील इतके मानपान या हाडांवरून झाले. मावशीचं म्हणणं, ती आंघोळीच्या खोलीत घसरली, महिनाभर आडवी होती, आणि तिला काय मिळालं, तर बसायची जागा. आई म्हणते, दातांचं दुखणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. माझ्या तर नाकी नऊ आले. शेवटी मावशीच्या मनगटाचाही एक्स-रे मागवला आणि त्याची कॉलर केली, तेव्हा कुठे ती माझ्याशी बोलायला लागली. पाठीवरची मधली, मानाची जागा मात्र मी तुझी हलू दिली नाही.

आता कार्यक्रमाचं ऐक. पहिल्या रांगेत एक बुटीकवाली बाई बसली होती. तिने कोट घेतला तर शनिवारपासून तो भर बाजारात तिच्या दुकानाच्या काचेत लागणार होता. माझी पहिली विक्री. तिच्या शेजारी तिचा नवरा, बायकोने आणला म्हणून आलेला आणि खुर्चीतच गाढ झोपलेला. आमची मुलगी खडखडत आली, दिवे लागले, ती वळली, पाठ दिसली, आणि हा गृहस्थ ताडकन उठून मंचाच्या कडेकडेने तिच्या मागे चालायला लागला. चष्मा कपाळावर, मान वाकडी, नजर कोटाला चिकटलेली. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच. टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, जिंकलं आपण.

तो थेट मंचामागे माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ही पाठीवरची छाती कोणाची?" मी ऐटीत सांगितलं, माझ्या मामाची. "डॉक्टर काय म्हणाले त्यांना?" मग मला त्या पिना आठवल्या. पाकीट कोणी उघडलंच नव्हतं, मामा. कोणाला दाखवलंच नव्हतंस तू. तो गृहस्थ छातीचा डॉक्टर निघाला. म्हणाला, घाबरवत नाही, पण हे नीट बघायला हवं, असं शोभेच्या माळेवर नाही. मी ब्लेड घेतलं आणि तुला कोटातून कापून काढलं. त्याच्या मागोमाग आलेली बाई बघतच राहिली. मग म्हणाली, पाठ पुरी करून शनिवारपर्यंत आणा, नाहीतर राहू दे.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो वाढण्यासारखा उरलेला नाही.

तुझी,
उपद्व्यापी भाची

ता. क. तर मला छातीचा एक नवा एक्स-रे हवाय, तुझाच. बाबांचा लावून पाहिला, फार अरुंद पडतो. मोबाईलवर पाठवलेला चालणार नाही, फिल्मच हवी.

ता. क. २. एक्स-रेला जातोच आहेस तर त्या डॉक्टरलाही भेटून घे. जुना त्याच्याकडेच आहे. वेळ मी घेऊन ठेवली आहे, आजची. काही नसेलही, असं तोच म्हणाला.

ता. क. ३. कोटाचं मनावर घेऊ नकोस. देणार नाही म्हणून बाईला कालच कळवलं. कोट गेला खड्ड्यात. मला भीती वाटतेय, मामा. फोनवर डॉक्टरचं नाव काढलं की तू फोन मामीच्या हातात देतोस, म्हणून एवढं लिहिलं. पाकिटावर तिकीट नाही हे तुला दिसलं असेलच. मीच आत्ता दाराखालून सरकवलंय. खाली टॅक्सी उभी आहे आणि मामी, जी तुझ्या मते भाजी आणायला गेली आहे, ती केव्हाची तिच्यात बसली आहे. ये खाली. शर्ट बदलत बसू नकोस, तिथे काढायलाच लावतात.