दुसरी गाठ

आत्याबाई,
नमस्कार.

तुमचा नातू आपला आपला झोपतो, असं मी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला सांगते. ते खोटं आहे.

तुम्ही साडीची झोळी बांधलीत तेव्हा मीच फणकाऱ्यानं म्हटलं, "असल्या सवयी नकोत. वेळेवर भरवायचं आणि जागाच क्रिबमध्ये ठेवायचा." तुमची रागी सरी, ती नाचणीची पेजसुद्धा, मी बाजूला सारली. तुम्ही साडी आणि डबा इथंच ठेवून गावी, बेट्टदपुरला निघून गेलात.

आता प्रद्युम्न क्रिबमध्ये टेकवला की किंचाळतो, विकतची पेज थुंकतो. म्हणून मी तुमच्याच डब्यातली रागी सरी शिजवते, तुमच्याच साडीची झोळी बांधते. तुमचा फोन यायच्या आधी ती सोडून कपाटात कोंबते.

आज तो इतका गाढ झोपला होता की उचलवेना. फोन घेतला तेव्हा माझ्यामागं झोळी हलत होती. तुम्ही ती पाहिलीत. आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. तुम्ही एवढंच म्हणालात, "अय्यो नव्या, गाठ दोनदा मार ग. ती साडी गुळगुळीत आहे, सुटते."

दुसरी गाठ मारली, आत्याबाई. "परत या" म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही. इथं लिहिलंय, तर हे पाठवायचीही लाज वाटते.

तुमची सून,
नव्या