आईच्या जिभेवरचं गोड पाणी

प्रिय आबा,

तुम्हांला काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. वर्षश्राद्ध झालं, कावळा शिवला, माणसं जेवून गेली. वाटलं, संपलं. पण आज शाळेत शिकवून परत आले, तर आई रंगाच्या रांजणावर वाकलेली. तिनं पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तुमच्यासारखेच डोळे मिटून.

हे तिला कोणी शिकवलं, आबा?

भवानी पेठेत तुमच्या पिवळ्या रंगाचं नाव होतं. तुम्ही रंगवलेलं सूत उन्हात विटत नाही, असं विणकर सांगायचे. सूत आधी शिशाच्या पांढऱ्या खड्यांच्या पाण्यात भिजवायचं, मग लाल खड्यांच्या, की पिवळा चढायचा. पहिलं पाणी जमलं का, ते तुम्ही चाखून ठरवायचात. गोडी कमी लागली की आणखी एक मूठ खडे. दुसरे रंगारी मापानं टाकायचे. तुम्ही त्यांना हसायचात. "मापानं काय, माझी म्हैसबी रंगवंल की."

आधी तुमचं पोट दुखू लागलं. मग मनगटं गळाली. समोरची भाकरी मोडता येईना. त्यानंतर अधूनमधून डोकं जायला लागलं. एकदा आईलाच विचारलंत, "बाई, माझी बायको कुटं गेली वो?"

"हितंच हाय की," ती म्हणाली, आणि तुम्हांला घास भरवत राहिली. पदर डोळ्यांना लावायला ती चुलीकडे गेली, ते तुम्ही पाहिलं नाही.

तुमचे सख्खे भाऊ ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "वैनी, लपवू नका. असा हात पिणाऱ्याचाच कापतो." जन्मात तुम्ही शिंदीला शिवला नव्हतात. तरी लोकांनी तुम्हांला दारुडे म्हणूनच पोहोचवलं. आजही मला दारुड्याची पोर म्हणतात, हळू आवाजात, कारण मी मास्तरीण आहे.

डॉक्टरांनी तुमचा ओठ वर करून हिरडीवरची काळीनिळी रेघ मला दाखवली होती. "शिसं अंगात भिनलंय. ते मेंदूपर्यंत जातं. यांचा भ्रम त्यातूनच आला, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण चाखणं आजच्या आज बंद करा."

त्या दिवशी तुम्ही शुद्धीत होतात. सगळं समजलं होतं तुम्हांला. हसून म्हणालात, "मग रंग कोण बघणार डाक्टर, तुमी?"

पुढं हात पुरतेच चालेनासे झाले तेव्हा मला वाटलं, आता तरी सुटलो. आणि तुम्ही काय केलंत? आईला रांजणापाशी बसवलंत. तिनं चाखायचं, कसं लागतं ते सांगायचं, आणि तुम्ही खाटेवरून हुकूम सोडायचे. "अजून फिकं हाय. टाक." तिच्या तोंडात ते पाणी घालताना डॉक्टरांचा एक शब्दही आठवला नाही? की आठवूनही रंग बिघडू द्यायचा नव्हता?

आज मी तिचा हात धरला.

"सोड गं यमू. गिळत न्हाय मी, थुकतीय."

"आबाही थुकायचे."

"त्यांना नजर लागली हुती." मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी. "लई गोड हाय बघ. जहर कुटं गोड असतंय व्हय?"

मघाशी तिनं मला ताट वाढलं. वाटी ठेवताना ती किणकिणली. तिची बोटं कापत होती. थंडीनं असेल. वयानं असेल. मला माहीत नाही, आणि ते कळेपर्यंत वाट पाहण्याइतकी मी तुमची मुलगी नाही.

उद्या सकाळी मी पिवळ्याचा रांजण फोडणार आहे. खडेही घरात राहणार नाहीत. आपल्याकडे लाल होईल, निळा होईल, नाहीतर काहीच होणार नाही. माझ्या पगारात दोघींचं भागेल. काका म्हणतील, पोरीनं बापाचं नाव बुडवलं. बुडवते. त्या नावाला तुम्ही दिलात तेवढा जीव पुरे.

आई आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे. मी तिला विचारणारसुद्धा नाही. तुम्ही तरी कुठं विचारलं होतंत?

तुमची,
यमुना