विनंत्या बंद

२ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये पाळकसाहेबांचा आजचा संदेश चांगला झाला. विषय: स्वकेंद्री शिकवण कशी ओळखावी. खूण अशी, की तिच्यात माणूस पुढे उभा असतो आणि प्रभू मागे. बोलताना ते सारखे माझ्याकडे बघत होते. म्हणजे मंडळीतली असली शिकवण शोधायची जबाबदारी माझ्यावर आली. घरी येऊन बायकोला, निर्मलाला, तसं सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. पटलं असावं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आमच्या घरची प्रार्थनासभा. आज सावध राहून ऐकलं आणि हादरलोच. स्वकेंद्रीपणा माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच सतरंजीवर बसलाय. आधी प्रत्येकाच्या प्रार्थनेच्या विनंत्या. तानाबाईंचा गुडघा. बाळासोच्या मुलीचं लग्न. कृष्णात शिरोलीच्या फाउंड्रीतून थेट आलेला, त्याच्या बायकोचं, पूर्णिमाचं, हार्टचं ऑपरेशन ठरलंय. मला, माझं, आमचं. प्रभू म्हणजे काय रेशनचं दुकान आहे? यांचं आटपेपर्यंत माझ्या शिकवणीला वेळच उरत नाही.
निश्चय: पुढच्या गुरुवारपासून विनंत्या बंद. फक्त शिकवण.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
तयारी जोरात. ‘मी अहंकार कसा सोडला’ हा भाग सर्वांत मोठा झालाय. कापायला बसलो, पण कापण्यासारखं काही सापडेना. एसटी स्टँडवर कंट्रोलर असताना माईकवर बोलायचो, उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. आता तो मान राहिला नाही.
निर्मला म्हणाली, पूर्णिमा घाबरलीय, जरा भेटून येऊ. तयारी मोडते म्हटलं. ती एकटीच गेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नवा नियम जाहीर केला. कृष्णात म्हणाला, आण्णा, सोमवारी ऑपरेशन हाय, तेवढी एक घ्या की. एकाला सूट दिली की सगळे मागणार, हे मी अगदी नम्रपणे समजावलं. शेवटी चहा न घेताच गेला. शिफ्ट असेल.
शिकवण उत्तम झाली. बाळासो तर शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार
निर्मला सकाळपासून हॉस्पिटलात. माझा डबा करून गेली, पण पुढच्या गुरुवारची शिकवण कुणाला वाचून दाखवायची? घर नुसतं खायला उठलं.
दुपारी पूर्णिमासाठी मनातल्या मनात प्रार्थना केली. खरंच केली. पण नियम माझाच, त्यामुळे कुणाला सांगता येईना. याचा फार त्रास झाला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ऑपरेशन नीट झालं. हे मला दूधवाल्याकडून कळलं. घरात बायको असून. निर्मलाला विचारलं तर म्हणाली, काल आल्या आल्या सांगत होते, तुम्ही कागद वाचत होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार
फक्त तानाबाई आल्या. बाकीचे कुठे, म्हणून त्यांनीच मला विचारलं. बाळासोचा फोन बंद. कृष्णात उचलत नाही. खरी शिकवण लोकांना झेपत नाही, हे माहीत होतं, पण राग यायचा तो आलाच. तानाबाईंना समोर बसवून सुरुवात केली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, पोरा, गुडघा लई दुखतोय, जाते मी. निर्मला त्यांना सोडायला गेली आणि बऱ्याच उशिराने आली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कुणी नाही. निर्मलासुद्धा नाही. चहा मीच ठेवला, तो उतू गेला. सतरंजीवर एकटा बसून वैतागलो आणि कागद घेऊन स्कूटरवरून कृष्णातच्या घरी निघालो. म्हटलं, याला तरी समजावू.
त्याच्या दारात सगळ्यांच्या चपला. निर्मलाचीही.
दार अर्धं उघडं. पूर्णिमा उशांना टेकून बसलेली, बाकीचे भोवती. चाललं होतं काय, तर विनंत्या. अंगाचा तिळपापड झाला. चपला काढल्या, आता आत जाऊन दोन शब्द सुनवायचे. तेवढ्यात निर्मलाची पाळी आली.
ती म्हणाली, माझं काय न्हाय. आमच्या ह्यांच्यासाठी तेवढी प्रार्थना करा. घरात एकटंच बोलत बसत्यात. मी सांगते ते कानात शिरत न्हाय. मला लई एकटं वाटतंय.
कुणी हसलं नाही. कृष्णातने मान खाली घातली. मग पूर्णिमाने, टाक्यांवर हात धरून, थांबत थांबत माझ्यासाठी प्रार्थना केली. मला वाटलं होतं ती माझी तक्रार करेल. तिने माझ्या तब्येतीचीही आठवण ठेवली.
सगळे आमेन म्हणाले. माझ्या हॉलमध्ये इतक्या जोरात कधी म्हणाले नव्हते.
मीही म्हणालो, बाहेरूनच. कुणाला ऐकू गेलं नाही.